विश्लेषण : बेबी कॉटमधून पलंगावर... मुलाचे वय पाहायचे की उंची?

झोळी किंवा पाळणा सुटला की मूल आईशेजारी गादीवर, ही आपल्याकडची जुनी पद्धत. त्यामुळे ‘पलंगावर कधी?’ हा प्रश्न फारसा पडत नसे. शहरांतील घरांमध्ये कठड्याची बेबी कॉट आली आणि हा प्रश्नही आला. ‘दुसरा वाढदिवस झाला की’, ‘तिसरे लागले की’ अशी त्याची उत्तरे वर्षांत दिली जातात. सुरक्षेचा निकष मात्र सेंटिमीटरमध्ये आहे.

निकष काय सांगतो?

‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सल्ल्यानुसार, मुलाची उंची ३५ इंच म्हणजे सुमारे ८९ सेंटिमीटर झाली, किंवा कठड्याची उंची मुलाच्या उंचीच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी भरू लागली, की कॉट सोडावी. यापैकी जे आधी होईल ते धरायचे. सोपी खूण म्हणजे, मूल उभे राहिल्यावर कठडा त्याच्या छातीच्या खाली येऊ लागला की वेळ झाली.

मग वयाचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार सर्वसाधारण मूल सव्वादोन वर्षांच्या सुमारास ८९ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. म्हणजे तिसऱ्या वाढदिवसाची वाट पाहणारे बरेच पालक ही मर्यादा ओलांडून गेलेले असतात. गादीपासून कठडा ६० सेंटिमीटरच असेल, तर मर्यादा ८० सेंटिमीटरवर येते. ही उंची अनेक मुले दीड वर्षाच्या आतबाहेर गाठतात. गादी जाड घेतली की कठडा तेवढा आखूड होतो, हेही हिशेबात धरायला हवे.

लवकर हलवले तर बिघडते काय?

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील दीड ते तीन वर्षांच्या १,९८३ मुलांच्या पालकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास ‘स्लीप मेडिसिन’ या नियतकालिकात आला होता. कॉटमध्ये झोपणारी मुले लवकर झोपी जातात, रात्री कमी वेळा उठतात आणि सलग जास्त झोपतात, असे त्यात आढळले. अर्थात हा केवळ परस्परसंबंध आहे. मुळात कमी झोपणारी, चळवळी मुलेच आधी पलंगावर हलवली जात असण्याचीही शक्यता आहे. तरी कठडा पुरेसा उंच असेल आणि मूल चढत नसेल, तर केवळ धाकटे भावंड येणार म्हणून घाई करू नये, एवढे यातून घेता येते.

मूल आधीच कठडा चढू लागले तर?

गादी सर्वांत खालच्या पातळीवर न्यावी. लोड, उशी, मोठी खेळणी काढावीत, कारण मुलासाठी त्या पायऱ्याच ठरतात. एकदा मूल कठड्यावरून बाहेर आले, की उंची कितीही असो, कॉट बंद. कठड्यावरून पडणे म्हणजे जवळपास मीटरभर उंचीवरून पडणे. जमिनीवर अंथरलेल्या गादीवरून घरंगळले, तर हे अंतर वीतभरही नसते. त्यामुळे पलंग घेण्याआधी काही महिने जमिनीवर गादी हा स्वस्त आणि सुरक्षित पर्याय आहे. पलंगाला जोडायचे सुटे कठडे दोन वर्षांखालील मुलांसाठी नसतात. गादी आणि कठड्याच्या फटीत मूल अडकू शकते.

खोलीचा संबंध काय?

कॉट सुटली की मूल रात्री एकटे खोलीभर फिरू शकते. अंगावर कपाट पडून मुले दगावल्यानंतर ‘आयकिया’ने २०१६ मध्ये अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटे परत मागवली. २०२२ च्या अखेरीस तेथे अशा कपाटांच्या स्थिरतेसाठी ‘स्टर्डी’ कायदाही झाला. आपल्याकडे छोट्या बेडरूममध्ये पलंग अनेकदा खिडकीलाच टेकलेला असतो. पलंगावर उभ्या राहिलेल्या मुलासाठी खिडकीची चौकट कमरेपर्यंतच येते. म्हणून मुलाला हलवण्याच्या आधी पलंग खिडकीपासून दूर करणे, ग्रिल तपासणे, बाल्कनीच्या दाराला वर कडी लावणे आणि कपाट भिंतीला स्क्रूने बसवणे ही कामे उरकायला हवीत. ती झाली नसतील, तर टेप काहीही सांगो, खोली अजून तयार नाही. तोवर मुलाची गादी आईवडिलांच्या खोलीतच बरी.