काड्यांचे घर

लातूर जिल्हा अस्तित्वात येण्यास अजून काही वर्षांचा अवधी होता आणि औसा तालुक्यातील आमच्या किल्लारीचे सारे कागद उस्मानाबादच्या कचेरीत जात असत, त्या काळात एका दिवाळीला मुंबईच्या मामांनी मला एअरफिक्सचा एक खोका आणून दिला. झाकणावर ढगांतून झेपावणारे स्पिटफायर विमान होते. आत मात्र प्लॅस्टिकच्या चौकटीला बारीक देठांनी लगडलेले तीसेक सुटे भाग निघाले. (याच कंपनीने १९४९ साली प्रथम एका ट्रॅक्टरची प्रतिकृती काढली होती, तो हाती आला असता, तर आम्हांस अधिक ओळखीचा वाटला असता!)

त्यापूर्वी ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या करण्यात माझा हात चांगला बसलेला होता. धांड्याच्या सालीच्या टाचण्या आणि आतील भेंडाचे जू व चाके, एवढ्या भांडवलावर जी गाडी उभी राही, तिला कसला नकाशा नसे. मोडली की धांडा बदलावा. विमानाचा कारभार मात्र निराळा होता. नळीतील तो उग्र वासाचा द्रव डिंकासारखा नुसता चिकटत नसे, तर दोन्ही कडांचे प्लॅस्टिक किंचित विरघळवून त्यांस एकजीव करी. आणि घाईने दाबलेला डावा पंख एकदा वाकडा बसला, तो कायमचाच. त्या वाकड्या पंखाने मला जे शिकवले, ते वर्गात कोणी शिकवले नाही: वस्तू मोडते ती सांध्यात.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. देवळीतले ते विमान भिंतीबरोबर गेले. पण ज्या गावात माणसे गेली, तेथे खेळण्याचा शोक कोणत्या तोंडाने करावा? आमच्या भिंती दोन-दोन फुटांहून रुंद होत्या खऱ्या, परंतु त्या दगडांच्या दोन स्वतंत्र फळ्या होत्या, मध्ये चिखल आणि चिपा. दोहोंस बांधणारा आरपार दगड क्वचितच असे, आणि माथ्यावर माळवदाच्या मातीचा थरावर थर. उलट, भिंती कोसळूनही कित्येक घरांचे लाकडी खण उभेच राहिले, कारण खांब आणि तुळया सुतार जोडून बसवीत असे.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसली, घरे रीतसर अभियंत्यांच्या नकाशांवरून बांधली गेली. मुलांच्या हातचे काम मात्र सुटले. शाळेच्या ‘प्रकल्पा’साठी थर्माकोलचे तयार घर दुकानातून आणावे आणि पालकांनी त्यावर पाल्याचे नाव लिहावे, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर मुलांस जी रचना शिकवली, तिला किती खर्च येतो?

म्हणून आमच्या परिसरातील शिक्षकांस माझी विनंती आहे की, दर ३० सप्टेंबरला श्रद्धांजलीचा कार्यक्रम आटोपल्यावर प्रत्येक मुलाकडून काड्यांचे एक घर करवून घ्यावे, त्याच्या माथ्यावर ओल्या मातीचा गोळा ठेवावा आणि खालची परात जोराने हलवावी. नुसत्या चौकोनांचे घर आडवे होईल. मग प्रत्येक चौकोनात एक तिरपी काडी घालून परात पुन्हा हलवावी.