सर्दीची गोळी घेण्याआधी

चौविहार आहे म्हणून परवा सासूबाईंनी सूर्यास्ताआधी घाईघाईनं डब्यातली सर्दीची गोळी घेतली. तासाभरात छातीत धडधड, बीपी वाढलेलं! डॉक्टरांनी स्ट्रिप पाहिली. त्यात फेनिलेफ्रिन होतं. ते रक्तवाहिन्या आकसवून चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी असतं, पण रक्तदाब वाढवू शकतं. सासूबाईंचं नाक चोंदलंच नव्हतं. साफसफाईच्या धुळीनं शिंका येत होत्या. शिंका, खाज, वाहतं नाक यांसाठी सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी असते. तिनं झोप मात्र येऊ शकते. बिस्किटाच्या पुड्यावर आपण हिरवा ठिपका शोधतो, कांदा-लसूण नाही ना ते वाचतो. मला वाटतं, गोळीच्या स्ट्रिपवरची नावंही तशीच वाचावीत. बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. विवेक फक्त ताटापुरता कसा ठेवायचा?