नवी बॅटरी घातली आणि भोंगा वाजू लागला



उसाचा हंगाम सुरू झाला की घरची जीप किंवा पिकअप एक दिवसही उभी राहून चालत नाही. टोळीला शिधा पोचवायचा असतो, मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा न्यायच्या असतात. एखाद्या रात्री आजारी माणसाला घेऊन कोल्हापूरला सी.पी.आर.कडे धावावे लागते. अशा वेळी कालच नवी बॅटरी घातलेल्या गाडीचा चोर-अलार्म गल्ली उठवतो आणि किल्ली फिरवली तरी सेल्फ मात्र मुका राहतो. मग चिडून कोणी पक्कड घेतो आणि अलार्मच्या वायरीच तोडतो. तसे करू नका. बहुतेक वेळा अलार्म बिघडलेला नसतो, तो आपले कामच करीत असतो.

बॅटरी मालकाने काढली की चोराने, हे अलार्मला कळत नाही. वीज तुटली आणि परत आली, एवढेच त्याला समजते. म्हणून वीज येताच बरेचसे अलार्म राखणीला बसलेल्या स्थितीतच जागे होतात. शिवाय बाहेरून अलार्म बसवताना पुष्कळदा सेल्फची वायर त्याच्या रिलेमधून नेलेली असते. त्यामुळे समोरचे दिवे लागतात, पण सेल्फ फिरत नाही.

आता क्रमाने पाहू या.

प्रथम रिमोटचे उघडण्याचे बटण दाबा. रिमोटचा बारीक दिवा मंद लागत असेल तर आतला छोटा सेल बदला. रिमोट चालत नसेल तर दार किल्लीने उघडा, किल्ली फिरवून दिवे लागू द्या आणि अलार्मचे लपवून बसविलेले छोटे बटण दाबा. ते सहसा स्टिअरिंगखाली असते. किती वेळा दाबायचे ते अलार्मच्या पुस्तिकेत दिलेले असते. काही अलार्म वीज तुटली की रिमोटची ओळख विसरतात. ती पुन्हा करून देण्याची रीतही पुस्तिकेतच असते आणि ती प्रत्येक बनावटीची निराळी असते.

बॅटरी सोडवली तरी भोंगा वाजतच असेल तर घाबरू नका. काही भोंग्यांच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. अशा भोंग्याला वेगळी किल्ली असते, तिने तो बंद होतो.

आता बॉनेट उघडा. बॅटरीच्या अधिक टोकाला जाड वायरीबरोबर अलार्मची एक बारीक वायरही येते. घाईत तीच लोंबकळत राहते किंवा ढिली बसते. काळी वायर बॉडीला घट्ट हवी. बारीक वायरीवरचा फ्यूज पाहा. तो उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागवू नका. शॉर्ट झाले तर फ्यूज जळायचा तो वाचतो आणि गाडी पेटते.

यानंतर मीटर लावा. पूर्ण भरलेली बॅटरी, गाडी काही तास बंद असताना, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. दुकानात बरेच दिवस पडून राहिलेली नवी बॅटरीही उतरलेली असू शकते. सेल्फ मारताना व्होल्ट फार खाली आले तर त्यामुळेही अलार्म बावचळतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक आहे असे समजावे.

एवढे करूनही रात्री-बेरात्री भोंगा वाजत असेल तर दारांची आणि बॉनेटची दाबाची बटणे पाहा. गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात ती गंजतात, शिवारातल्या चिखलाने अडकतात. दार लावूनही छताचा दिवा जळत राहिला तर दोष बहुधा दाराच्या बटणात आहे, असे समजा.

पुढच्या वेळी बॅटरी काढण्यापूर्वी रिमोटने अलार्म उतरवा, एक काच खाली ठेवा आणि किल्ली खिशात घाला. वीज परत येताच दारे आपोआप बंद झाली तर किल्ली आत अडकते. काढताना आधी काळी, मग लाल. लावताना आधी लाल, मग काळी. या क्रमाने गेल्यास पाना बॉडीला टेकून ठिणगी उडत नाही.

तरीही जमले नाही तर उद्यमनगरातल्या एखाद्या जाणत्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे गाडी न्या आणि पुस्तिका बरोबर घ्या. म्हणजे त्याला वायरी तोडून शोध घ्यावा लागणार नाही.

शेवटी एकच सांगणे. ते लपवलेले बटण कुठे आहे, हे आज संध्याकाळीच घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, लेकी-सुनांनाही, दाखवून ठेवा. रोग्याला घेऊन निघायची वेळ आली आणि घरधनी रानात पाणी पाजत असला, तरी गाडी अंगणात अडून राहता कामा नये.