दोन हात म्हणजे किती मायक्रॉन?

पादचारी पूल, लोखंडी कठडा किंवा पाण्याची टाकी रंगवून झाली की ठेकेदार सांगतो, ‘दोन हात मारलेत’, आणि तपासणीला आलेला माणूस चकाकी बघून सही करतो. पण ‘हात’ हे काही माप नव्हे. रंगात थिनर जास्त ओतला की ब्रश हलका चालतो, डबा लांबपर्यंत पुरतो आणि काम दिसतं तेवढंच तुकतुकीत. ज्या रंगात घन भाग निम्माच असतो, त्याचा १०० मायक्रॉनचा ओला थर वाळल्यावर ५० उरतो; थिनर वाढवला तर त्याहूनही कमी. साठ मायक्रॉन आणि एकशेवीस मायक्रॉन यांतला फरक माणसाच्या केसाच्या जाडीएवढा, तो डोळ्यांना कुठून कळणार? म्हणून सार्वजनिक पैशातल्या लोखंडी कामाचं रंगाचं बिल हात मोजून नव्हे, मायक्रॉन मोजून निघावं, असं माझं म्हणणं आहे.

मोजणं अवघडही नाही. खिशात मावणाऱ्या यंत्राच्या टोकात लोखंडी गाभ्याभोवती तारेची वेटोळी असतात. त्यांतून कमी वारंवारतेचा प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. टोक रंगावर टेकवलं की खालचं पोलाद ते क्षेत्र बळकट करतं. मध्ये रंगाचा थर जितका जाड, तितका हा परिणाम क्षीण. दुसऱ्या वेटोळ्यात उपजणाऱ्या व्होल्टेजवरून यंत्र जाडी दाखवतं. रंगाला ओरखडाही पडत नाही. जस्तही चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे गॅल्व्हनाइज्ड थर याच यंत्राने मोजता येतो. (ॲल्युमिनियमवर ही पद्धत चालत नाही, तिथे भोवरी प्रवाहाची वेगळी पद्धत लागते.)

जाडीवर आयुष्य कसं अवलंबून असतं, हे जस्ताच्या हिशेबातून स्वच्छ दिसतं. खारं वारं थेट अंगावर घेणारे किनारे आंतरराष्ट्रीय मानकांत ज्या तीव्र वर्गात मोडतात, तिथे जस्त वर्षाला साधारण ४ ते ८ मायक्रॉन झिजतं. सहा मिलिमीटरहून जाड पोलाद वितळत्या जस्तात बुडवून काढलं, तर थर सरासरी ८५ मायक्रॉन असावा, असं आयएसओ १४६१ सांगतं. म्हणजे दहा ते वीस वर्षांची निश्चिंती. याउलट ज्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतं, त्याच्या एका बाजूला येतात जेमतेम २० मायक्रॉन; तिथे अडीच ते पाच वर्षांत खेळ आटोपतो. नवेपणी दोन्ही सारखेच चकाकतात. कोकणात पत्रा घेणाऱ्याने आणि खांब उभारणाऱ्या ग्रामपंचायतीने हा भागाकार एकदा करून पाहावा.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो की जाडी म्हणजे सर्वस्व नव्हे. खरंच आहे. गंज न खरवडता वर रंग फासला, तर त्या गंजाचीही जाडी बहुतांशी रंगाच्या खात्यात जमा होते आणि यंत्र खुशाल भरघोस आकडा दाखवतं. म्हणून पृष्ठभाग रंगाआधी तपासायलाच हवा आणि यंत्राचं शून्यही त्याच उघड्या, खडबडीत पोलादावर लावून घ्यायला हवं. पातळ पत्रा, वक्र नळी, कडेची जागा इथे आकडा फसवतो, हेही मान्य. पण थर्मामीटरने रोगाचं निदान होत नाही म्हणून कोणी ताप मोजणं सोडत नाही. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: जिथे रंग जाड, तिथेच यंत्र टेकवतील. त्यावर तोड आहे. जागा ठेकेदाराने नव्हे, तपासनिसाने निवडायच्या. सांधे, बोल्ट आणि कडांजवळच्या जागा हमखास घ्यायच्या, कारण रंग तिथेच पातळ बसतो. एखाददुसऱ्या आकड्यावर निवाडा करायचा नाही. आयएसओ १९८४० मध्ये ठरल्या जाडीइतकी सरासरी हवीच, शिवाय एकही नोंद त्या जाडीच्या ८० टक्क्यांखाली चालत नाही. वरची मर्यादाही असते, कारण फाजील जाड थर तडकतो. लहान ठेकेदाराला हा भुर्दंड वाटत असेल, तर यंत्र खात्याने घ्यावं. एकच यंत्र कितीतरी कामांना पुरतं.

कामाच्या फलकावर ठेकेदाराचं नाव आणि रक्कम असतेच. तिथेच आणखी एक ओळ हवी: ठरलेले मायक्रॉन किती, भरले किती. ती दिसली नाही तर मागा. माहिती अधिकाराच्या कायद्यात कागद बघण्याबरोबर कामाची पाहणी करण्याचाही हक्क दिलेला आहे.