मिंट कंडिशनमधलं बालपण

जुन्या कॉमिक्सच्या खरेदी-विक्रीत एका शब्दाला फार मान आहे: 'मिंट'. टाकसाळीतून नुकत्याच पडलेल्या नाण्यासारखी कोरी प्रत. पिना गंजलेल्या नाहीत, कोपरे दुमडलेले नाहीत, पहिल्या पानावर कुणा पोराचं नाव, इयत्ता, तुकडी लिहिलेली नाही. 'ठिपके जोडा'मधले ठिपके सुटे आहेत. 'सशाला गाजरापर्यंत पोचवा'मधला ससा तीस वर्षं झाली तरी दारातच उभा आहे. सोबत आलेला स्टिकरसुद्धा कुणी कपाटावर चिकटवलेला नाही.

सरळ मराठीत सांगायचं तर, जी प्रत कुठल्याच पोराने धड वाचलेली नाही तिला सगळ्यात जास्त भाव.

माझं भांडण इथूनच सुरू होतं. टपाल तिकिटं जमवा, नाणी जमवा, काडेपेट्या जमवा, मला काही म्हणायचं नाही. पण लहान मुलांना हसवण्यासाठी स्वस्त कागदावर छापलेलं पुस्तक, ज्याची सगळी लायकी हातोहात फिरून फाटण्यात होती, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, कपाटात उभं करायचं आणि त्याला 'बालपण जपणं' म्हणायचं, हे मला पटत नाही. जपला जातो तो कागद. बालपण त्या कागदाच्या दुमडलेल्या कोपऱ्यात होतं, आणि त्याच कोपऱ्यापायी तुम्ही किंमत कमी करून मागता.

इन्स्टाग्रामवर बघा. 'चाचा चौधरी', 'चंपक', 'ठकठक', मराठी 'इंद्रजाल'मधला वेताळ, 'टिंकल'चा सुप्पंडी. फोटो कशाचे? मुखपृष्ठांचे. खाली प्रतिक्रिया: "ते दिवस!", "आमची पिढी नशीबवान!", "आताच्या पोरांना काय कळणार!" शंभर प्रतिक्रिया चाळल्या तरी आतला एखादा विनोद आठवून सांगणारा माणूस क्वचित भेटतो. ज्या पुस्तकावर आपलं इतकं प्रेम आहे त्यात हसण्यासारखं काय होतं, हे आठवत नसेल, तर आपण त्या पुस्तकावर प्रेम करतोय की आपल्या वयावर?

"पूर्वीची मुलं वाचायची" हे वाक्य मला विशेष खटकतं. पूर्वीची मुलं काही जन्मतः वाचनवेडी नव्हती. त्यांच्या हाताला लागेल अशा जागी, खिशाला परवडेल अशा भावात, हसवणारं काहीतरी पडलेलं असायचं. रेल्वे स्टेशनवर व्हीलरचा स्टॉल होता. नाक्यावरच्या खासगी वाचनालयात दोरीला टांगलेली कॉमिक्स चार आणे-आठ आणे भाड्याने मिळायची, दुसऱ्या दिवशी परत करायच्या बोलीवर. मे महिन्याच्या सुट्टीत तर पोरंच जिन्याखाली सतरंजी टाकून स्वतःचं वाचनालय उघडायची आणि वर शेजारच्या पोराकडून दंडही वसूल करायची. विकत घेऊन संग्रह करणारी घरं थोडी होती. बहुतेकांनी ही कॉमिक्स उसनी किंवा भाड्याने आणून वाचली, एक प्रत वीस जणांनी वाचली. नॉस्टॅल्जियात मात्र सगळे मालक झालेत.

मी खरवईला राहते. बदलापूर पूर्वेला, एकेकाळचं गाव, मग एमआयडीसी, आणि आता त्या दोघांना खेटून उभे राहिलेले टॉवर. 2011 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर पावणेदोन लाखांच्या घरात होतं. त्यानंतर किती इमारती उठल्या ते इथल्या कुणालाही खिडकीतून दिसतं. इथल्या घरांत आईबाप पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री परततात. मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी वाचतात, मोबाइलवर हिंदी बघतात. मराठी बोलता येतं, पण वाचताना जोडाक्षर आलं की गाडी अडते.

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी अशा दहा-बारा मुलांना घेऊन बसते. तिथे मला जे दिसलं ते संग्राहकांना सांगायचंय. धडा वाचायला दिला की पोर दुसऱ्या ओळीला पाणी प्यायला जातं. संस्कारकथा दिली की शेवटचं तात्पर्य आधीच सांगून मोकळं होतं. पण 'चिंटू'चं पुस्तक दिलं की गोष्ट बदलते. तीन-चार चौकटी. फुग्यात पाच-सात शब्द. शब्द अडला तर चित्र हात देतं. आणि विनोद शेवटच्या चौकटीत असल्यामुळे तिथवर पोचल्याशिवाय हसू येत नाही. म्हणजे वाचायलाच लागतं. आठ वर्षांची एक मुलगी बोट ठेवून, अक्षर-अक्षर जुळवत शेवटच्या फुग्यापर्यंत गेली, दोन क्षण गप्प बसली, आणि मग इतकी हसली की बाकीचे "काय, काय" करत तिच्याभोवती जमले. मग तिने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या आठवड्यात तिने मराठीतून जेवढं वाचलं, तेवढं आधीच्या महिन्यात वाचलं नव्हतं.

विनोदी कॉमिक्सचं काम हेच. ते साहित्याचं लहान भावंड वगैरे नाही, ते वाचनाचा उंबरठा आहे. आणि उंबरठा काचेच्या पेटीत ठेवायची वस्तू नाही.

आता संग्राहकांची बाजू. ती खरी आहे आणि मी ती कमी लेखणार नाही. ही पुस्तकं कुणीच सांभाळली नाहीत. घरांनी ती किलोच्या भावाने रद्दीत घातली. वाचनालयांनी फाटली म्हणून काढून टाकली. 1964 मध्ये सुरू झालेली 'इंद्रजाल कॉमिक्स' 1990 मध्ये बंद पडली, 'चांदोबा'ही थांबला. आमच्या बदलापुरात तर कागदाचा शत्रू फक्त वाळवी आणि कसर नाही. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी घरांत शिरली तेव्हा तळमजल्यावरच्या किती कपाटांचा लगदा झाला, ते नदीकाठच्या माणसांना विचारा. अशा काळात ज्या वेड्या माणसांनी रद्दीच्या ढिगात बसून एकेक अंक वेचला, त्यांच्यामुळेच आज काही शिल्लक आहे. त्यांचे आभार.

पण वाचवून पुढे काय केलं, हा प्रश्न उरतोच. याच बदलापुरात श्याम जोशी यांनी उभं केलेलं 'ग्रंथसखा' वाचनालय आहे. दुर्मीळ मराठी ग्रंथ, जुनी नियतकालिकं, इतरांनी टाकून दिलेला कागद त्यांनी गोळा केला. तेही वेडच. फरक एवढाच की त्या वेडाला दार आहे. माणूस आत जाऊ शकतो, पुस्तक मागू शकतो.

दुसरं उदाहरण 'किशोर'चं. पाठ्यपुस्तक मंडळाचं हे मासिक 1971 च्या नोव्हेंबरात सुरू झालं. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. गोष्टी, कविता, कोडी, गमती, चित्रं, सगळं. खरवईतल्या पोराच्या हातातल्या मोबाइलवर ते येतं. यामुळे कुणाच्या कपाटातल्या 'किशोर'च्या अंकाचा भाव पडला असेल तर पडू दे. वाचण्यासाठी ज्याला दुर्मीळ वस्तू विकत घ्यावी लागत नाही, ते पुस्तक जिवंत आहे.

इथे संग्राहक कॉपीराइट पुढे करतात. मान्य. आपल्याकडे लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, त्यामुळे बहुतेक कॉमिक्स अजून कुणाच्या ना कुणाच्या मालकीची आहेत, आणि टेलिग्रामवर पीडीएफ फिरवणं हा उपाय नाही. पण ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला, स्वतःकडे कागदी प्रत असेल तर, जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा 2012 च्या दुरुस्तीने दिलेली आहे. आणि कागदी प्रत शेजारच्या पोराला वाचायला द्यायला तर कुठल्याच कायद्याची परवानगी लागत नाही. तिथे तुम्हाला कॉपीराइट अडवत नाही, मिंट अडवतं.

बंगालकडे बघितलं की आपली लाज जास्त वाटते. नारायण देबनाथ यांनी 1962 मध्ये 'हांदा-भोंदा', 1965 मध्ये 'बांटुल दि ग्रेट' आणि 1969 मध्ये 'नॉन्टे-फॉन्टे' सुरू केलं. निखळ धमाल, मार खाणारी-मार देणारी पोरं. देबनाथ 2022 मध्ये गेले, तोवर पाच-सहा दशकं बंगाली मुलं ती चित्रं वाचत होती. त्यांच्या गोष्टींचे संग्रह छापले गेले, नवी पिढी ते दुकानातून नवंकोरं घेऊ शकली. त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. बंगाली माणूसही नॉस्टॅल्जिक आहेच, आपल्यापेक्षा कणभर जास्तच. पण त्याचा नॉस्टॅल्जिया दुकानात जाऊन नातवासाठी पुस्तक विकत घेतो.

आपल्याकडे हात नव्हते असं नाही. शिकारी शंभूला वसंत हळबे यांनी रूप दिलं. डोळ्यांवर टोपी ओढलेला तो भित्रा शिकारी लुईस फर्नांडिस आणि हळबे यांचा. सुप्पंडी रंगवला राम वाईरकरांनी. कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. 1980 मध्ये मुंबईत अनंत पैंनी सुरू केलेल्या 'टिंकल' या इंग्रजी मासिकाचं हसू असं मराठी बोटांतून उतरत होतं. यातली किती नावं त्या 'ते दिवस!' म्हणणाऱ्यांना ठाऊक आहेत? मुखपृष्ठाचा भाव पाठ आहे, चित्रकाराचं नाव नाही.

आणि 'चिंटू'? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 1991 च्या नोव्हेंबरात 'सकाळ'मध्ये तो सुरू केला. तो घराघरात गेला, कारण तो रोज सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर दारात येऊन पडायचा. त्याला शोधत जावं लागत नव्हतं. आता ज्या घरात पेपरच येत नाही तिथल्या मुलाच्या दारात मराठीतलं हसू कोण टाकणार? ही जागा रिकामी आहे आणि ती हिंदी कार्टूनने भरली आहे. त्यातले मोटू-पतलूसुद्धा मूळचे 'लोटपोट' या हिंदी नियतकालिकातले. म्हणजे ज्यांनी जुनी पात्रं नव्याने सांगितली त्यांची पात्रं जगली. आपण आपली पिशवीत घातली.

जुनं जसंच्या तसं सांभाळण्यात आणखी एक गडबड आहे. त्यातलं सगळंच सांभाळण्यासारखं नाही. घरातला नोकर म्हणजे मूर्ख, जाडा माणूस म्हणजे विनोद, बायको म्हणजे लाटणं, काळा रंग म्हणजे गुंड: हे आपण हसत-हसत शिकलो. चालू राहिलेलं कॉमिक्स सुधारू शकतं. शंभूच्या हातातली बंदूक पुढे गेली आणि तो जनावरं वाचवू लागला. त्यावर "आमच्या शंभूची वाट लावली" असा गळा काढणारे मी ऐकलेत. अरे, तो तुमचा नव्हताच. तो कायम आठ-दहा वर्षांच्या मुलांचा होता. तुम्ही मोठे झालात, आता जागा सोडा.

यावर कुणी म्हणेल, माझे पैसे, माझं कपाट, तुझं काय जातं? माझं जातं. दुर्मीळ अंकासाठी आपण हजारो मोजतो, पण नवं मराठी बालमासिक वर्गणीचं पत्रक घेऊन आलं की "मुलं वाचत नाहीत हो" म्हणतो. चित्रकाराला चित्रकथेचं मानधन मिळत नाही म्हणून तो जाहिरातीकडे वळतो. प्रकाशक खपत नाही म्हणून छापत नाही. मग नवं काही येत नाही, आणि काही येत नाही म्हणून जुन्याचा भाव आणखी चढतो. हा बाजार टंचाईवर चालतो. जुन्या विनोदाचा भाव वाढत राहायला नवा विनोद जन्मूच नये लागतो. संग्राहक हे मुद्दाम करतात असं नाही, पण त्यांच्या कपाटाचा फायदा त्यातच आहे.

तेव्हा तुमच्यापैकी जे पंचवीस-तीसचे आहेत, ज्यांना पहिला पगार आल्यावर बालपण विकत घ्यावंसं वाटतंय, त्यांना माझं सांगणं साधं आहे. एक जुना अंक घ्यायच्या आधी एका मुलाला नव्या मासिकाची वर्गणी भरा, स्वतःच्या घरातलं मूल नसलं तरी चालेल. दिवाळीत मोठ्यांच्या अंकांबरोबर मुलांचा एक अंक घ्या. ज्याच्या चित्रकथा आवडल्या त्या चित्रकाराचं नाव लिहा, त्याच्या नव्या कामाचे पैसे द्या. प्रकाशकाला पत्र लिहा की जुने संग्रह पुन्हा छापा, साध्या कागदावर छापा, स्वस्त छापा, आर्ट पेपरवरची हजार रुपयांची 'कलेक्टर्स एडिशन' नको. आणि ज्यांच्याकडे कपाटं भरलेली आहेत त्यांनी दोन-दोन असलेल्या प्रतींतली एक तरी जवळच्या वाचनालयाला द्यावी.

तेही जमत नसेल तर रविवारी सकाळी खरवईला या. येताना मिंटवाली आणू नका. मुखपृष्ठ गेलेली आणा, पिना निघालेली आणा, कोडी सोडवलेली आणा. आमच्याकडे चिकटपट्टी आहे.