गिगाहर्ट्झच्या मोहात पडू नका!

खेळांसाठी छोटा, स्वस्त लॅपटॉप घेताना पुष्कळ विद्यार्थी सर्वाधिक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर मागतात. आमच्या मते ही चूक आहे. प्रोसेसरचा वीजवापर वारंवारतेच्या सम प्रमाणात, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि वेग वाढवावयाचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. या विजेची अखेर उष्णताच होते. लहानशा पेटीतील पंख्याला ती बाहेर टाकता आली नाही, की प्रोसेसर आपण होऊन मंदावतो. मग आईवडिलांचे जादा पैसे गेले कशात? शिवाय खेळातील चित्रे सेकंदाला ६० वेळा रेखाटण्याचे बहुतेक काम ग्राफिक्स चिप करते. म्हणून प्रोसेसर मध्यम घ्यावा. वाचलेला पैसा ग्राफिक्स व मेमरीवर घालावा. दुकानात गिगाहर्ट्झ विचारण्यापूर्वी वॅट विचारा!