सोडून जाण्याचा हक्क

मायक्रोसॉफ्टने २९ एप्रिल २०१५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील आपल्या वार्षिक परिषदेत ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हा नवा कार्यपरिसर जाहीर केला, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याची मूळ संहिता एमआयटी परवान्याखाली सर्वांस खुली केली आणि २०१६ च्या एप्रिलात त्याची पहिली पक्की आवृत्ती प्रसिद्ध केली. तेव्हापासून प्रोग्रॅमरांच्या वर्गात त्याच्याविषयी जो वाद पेटला तो अद्याप पुरता शमलेला नाही. एका पक्षाने त्याचे स्वागत इतक्या उत्साहाने केले की त्याच्या करारनाम्यातील कलमे वाचण्याचीही त्यास गरज भासली नाही. दुसऱ्या पक्षाने त्याचा निषेध इतक्या आवेशाने केला की त्यातील खरोखर नवे काय होते ते त्याच्या दृष्टीसच पडले नाही. माझे मत असे आहे की हे दोन्ही पक्ष चुकीच्या कसोटीवर निवाडा करीत आहेत. कार्यपरिसर किती हलका, किती सोयीचा, किंवा आपल्या बोटांच्या सवयीला किती जुळणारा, हे प्रश्न गौण आहेत. जो त्याचा स्वीकार करीत नाही, अथवा स्वीकारून पुढे त्यास सोडून जातो, त्याच्या पदरात त्या परिसरापासून काय पडते, हा मुख्य प्रश्न आहे.

विरोधकांचे म्हणणे प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे. त्यांच्या हरकती चार आहेत. पहिली अशी की, ज्याने व्हीआय किंवा ईमॅक्स या जुन्या एडिटरांवर वर्षानुवर्षे हात बसविला आहे त्याला असल्या चित्रमय परिसराची आवश्यकता नाही आणि ज्याला आवश्यकता आहे तो अस्सल कारागीर नव्हे. दुसरी अशी की, हा परिसर क्रोमियम आणि नोड यांच्या संयोगातून सिद्ध झालेल्या इलेक्ट्रॉनवर उभा असल्यामुळे, साधा मजकूर टंकण्यासाठी एक अख्खा ब्राउझर स्मृतीत वागवावा लागतो. तिसरी अशी की, नावे पुरी करून देणारे, चुकीखाली लाल रेषा ओढणारे साधन प्रोग्रॅमरच्या बुद्धीस पंगू करते. आणि चौथी, सर्वांत गंभीर, अशी की, उदारपणे वाटलेल्या या साधनाच्या मागे एका बलाढ्य कंपनीचा इजारा दडलेला आहे.

पहिली हरकत ही वस्तुतः वहिवाटीच्या हक्काचा दावा आहे, आणि संगणकाच्या इतिहासात हा दावा प्रत्येक पिढीने नव्याने दाखल केलेला आहे. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रानचा कंपायलर १९५७ मध्ये सिद्ध झाला तेव्हा, यंत्राने रचलेल्या आज्ञा हाताने रचलेल्या आज्ञांची बरोबरी करू शकतील यावर त्या काळच्या जाणकारांचा विश्वास बसत नव्हता; बॅकस यांनीच पुढे त्या जाणकारांचे वर्णन पुरोहितवर्ग असे केले आहे. पुढे १९८३ च्या नोव्हेंबरात फिलिप कान यांच्या बोरलँडने, आंद्रेस हेल्सबर्ग यांनी रचलेला टर्बो पास्कल केवळ ४९ डॉलर ९५ सेंटला टपालाने विकण्यास आरंभ केला, तेव्हा चाळीस किलोबाइटांहूनही लहान अशा एकाच फाइलमध्ये एडिटर आणि कंपायलर दोन्ही सामावलेले होते. तबकडीची अदलाबदल न करता प्रोग्रॅम क्षणार्धात स्मृतीतच कंपाइल होई आणि चूक निघाल्यास कर्सर नेमका त्या चुकीवर जाऊन थांबे. ते खेळणे आहे, प्रमाणित पास्कल नव्हे, असे आक्षेपक म्हणत, आणि प्रक्रिया पॅरामीटर म्हणून पाठविता येत नाही ही त्यांची तक्रार खरीही होती. तथापि लिहिणे, चूक दिसणे आणि ती सुधारणे यांतील अंतर ज्याने एकदा मिटलेले पाहिले तो पुन्हा जुन्या शिरस्त्याकडे वळला नाही.

ज्या व्हीआयच्या प्राचीनतेची आज शपथ घेतली जाते तोही १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी बर्कली येथे घडविला तेव्हा नवखाच होता, आणि एच, जे, के, एल या कळांनी कर्सर हलविण्याची त्याची पद्धत तर त्यांच्यापुढे असलेल्या एडीएम-३ए या टर्मिनलवर बाण त्याच कळांवर छापलेले होते म्हणून रूढ झाली. एका विशिष्ट यंत्राची गरज म्हणून जी गोष्ट जन्मास आली तिला नंतरच्या पिढीने कारागिरीचे लक्षण मानावे, हे सवयीच्या सामर्थ्याचे उदाहरण आहे, गुणवत्तेचा पुरावा नव्हे.

सवय ही निरुपद्रवी असती तर मी या हरकतीवर इतका भर दिला नसता. परंतु तिची किंमत कोण मोजतो याचा दाखला आपल्या घराजवळच आहे. नव्वदीच्या दशकाच्या आरंभीचा, त्याच बोरलँडचा टर्बो सी++ आणि त्याचा तो निळा पडदा आपल्याकडील कित्येक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, ज्या डॉससाठी तो बनला होता ती अस्तंगत झाल्यावरही, डॉसबॉक्सच्या आधाराने चालू राहिला. १९९८ च्या सी++ प्रमाणाने ज्या शीर्षफाइलीला स्थान दिले नाही त्या ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ने प्रोग्रॅमचा आरंभ करणे, प्रमाणास अमान्य असलेले ‘व्हॉइड मेन’ लिहिणे, आणि पूर्णांक ३२,७६७ च्या पुढे गेला की उलटतो हा भाषेचाच नियम आहे असे समजणे, हे धडे विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरते गिरवले आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात ते विसरण्याचे कष्ट घेतले. शिक्षकाची सोय, छापील प्रश्नसंच आणि प्रयोगवहीचा ठरलेला मसुदा यांच्या आड येतो म्हणून नवा परिसर नाकारला गेला. दंड मात्र विद्यार्थ्याने भरला. एके काळी ज्या साधनाच्या घराण्यास खेळणे म्हणून हिणविले गेले त्याच घराण्याने पुढे अशी सनातनी वतनदारी करावी, यावरून एवढेच सिद्ध होते की कोणतेही साधन स्वभावतः पुरोगामी नसते.

दुसरी हरकत वजनाची. येथे तक्रारीत तथ्य आहे, आणि ज्या विद्यार्थ्याच्या जुन्या संगणकात स्मृतीच तुटपुंजी आहे त्याच्यापुढे सोयींची यादी वाचणे हा निर्दयपणा होईल. तथापि ‘हे तंत्रच मुळात जड’ असा सरसकट निकाल देणे वेगळे, आणि दोष नेमका कोठे आहे ते दाखवून देणे वेगळे. एका वापरकर्त्याने अशी तक्रार नोंदविली की अवघ्या ३५ मेगाबाइटांची फाइल त्याला उघडता येत नाही. शोधाअंती आढळले की त्या फाइलीत १ कोटी ३७ लाख ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र नोंद ठेवण्याच्या पद्धतीमुळे मूळ मजकुराच्या अनेक पट स्मृती खर्ची पडत होती. त्यावरून मजकूर साठविण्याची रचनाच २०१८ मध्ये बदलण्यात आली. विशेष म्हणजे सी++ मध्ये ती लिहून पाहिल्यावर असे दिसले की दोन भाषांच्या सीमेवर मजकुराची ने-आण करण्यातच मिळालेला लाभ नष्ट होतो, म्हणून नवी रचना टाइपस्क्रिप्टमध्येच करण्यात आली. म्हणजे दोष सरसकट तंत्रात नव्हता, आकृतिबंधात होता. आणि तो दूर झाला तो निषेधामुळे नव्हे, अचूक तक्रारीमुळे झाला. ज्यांना तरीही हे वजन असह्य वाटते त्यांचा मार्ग झेडच्या कर्त्यांनी दाखविला आहे: इलेक्ट्रॉन ज्या ॲटम या एडिटरसाठी जन्मास आला त्याच ॲटमच्या जनकांपैकी काहींनी रस्ट भाषेत नवा एडिटर रचून २०२४ च्या जानेवारीत त्याची संहिता खुली केली. कृतीने केलेल्या अशा खंडनापुढे मी आदराने मान लववितो.

तिसरी हरकत बुद्धीची. फंक्शनांची नावे आणि पॅरामीटरांचा क्रम मुखोद्गत असणे म्हणजे प्रोग्रॅम समजणे, हे गृहीतकच मला मान्य नाही. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले की प्रोग्रॅमचे सार त्याच्या लिखित संहितेत नसून, तो रचणाऱ्यांच्या मनात घडलेल्या उपपत्तीत असते. हे मान्य केले तर नाव पुरे करून देणारे साधन त्या उपपत्तीला कोणताही धक्का लावीत नाही. उलट व्याख्येवरून वापरावर आणि वापरावरून व्याख्येवर क्षणात नेणारे साधन, दुसऱ्याने लिहिलेल्या हजारो ओळींतून तिचा माग काढण्यास साह्यच करते. मात्र येथे एक भेद कटाक्षाने केला पाहिजे. भाषेच्या व्याकरणाचे आणि प्रकारांचे विश्लेषण करून परिसर जेव्हा एखादे नाव सुचवितो तेव्हा ते नाव तेथे अस्तित्वात असते. २०२१ मध्ये प्रथम दिसलेल्या गिटहब कोपायलटसारखे साधन जेव्हा ओळीच्या ओळी सुचविते तेव्हा ते संभाव्य मजकूर सुचवीत असते, आणि संभाव्य म्हणजे सत्य नव्हे. पहिल्याच्या बाबतीत प्रोग्रॅमरची स्मृती मोकळी होते; दुसऱ्याच्या बाबतीत त्याच्यावर परीक्षणाची नवी जबाबदारी येऊन पडते, आणि ती टाळणाऱ्याच्या मनात उपपत्ती घडतच नाही. विरोधकांनी लाल रेषेला विरोध करण्यात जी शक्ती खर्च केली ती या भेदासाठी राखून ठेवली असती, तर त्यांचे म्हणणे कितीतरी अधिक परिणामकारक झाले असते.

चौथी हरकत मालकीची, आणि ती मी खोडून काढणार नाही, कारण ती बहुतांशी खरी आहे. संहिता एमआयटी परवान्याची असली तरी मायक्रोसॉफ्ट जी तयार प्रत वाटते ती त्या कंपनीच्या वेगळ्या परवान्याखाली येते आणि वापराची माहिती कंपनीकडे पाठविण्याची तरतूद तिच्यात असते. एक्स्टेंशनांच्या बाजारपेठेच्या अटी असे बजावतात की तेथील माल केवळ त्या कंपनीच्याच साधनांत वापरावा. पायथनसाठीचे पायलान्स आणि दूरस्थ संगणकावर काम करण्याची एक्स्टेंशने खुली नाहीत. २०१८ मध्ये गिटहब विकत घेतल्यावर त्याच घरचा ॲटम १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद झाला, हेही विसरता येत नाही. रस्ता सार्वजनिक ठेवून त्यावरचे जकातनाके खाजगी करावेत, तसा हा व्यवहार आहे. परंतु ध्यानात घ्यावयाचे ते हे की या अन्यायाचा प्रतिकार ज्यांनी केला त्यांच्या हाती साधन कोणते होते? तीच खुली संहिता. तिच्यावरूनच माहिती-संकलन वगळलेला व्हीएसकोडियम तयार होतो, आणि तिच्याचसाठी लिहिलेली एक्स्टेंशने एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्स या स्वतंत्र भांडारात ठेवता येतात. म्हणून या हरकतीतून निघणारा निष्कर्ष परिसराच्या त्यागाचा नाही. जे खुले आहे त्याचे रक्षण करण्याचा आणि जे बंद आहे त्याच्यावर विसंबून न राहण्याचा आहे.

आता माझ्या पक्षाचे मंडन. या परिसराने केलेले खरे कार्य त्याच्या पडद्यावर दिसतच नाही. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेचे ज्ञान स्वतंत्रपणे शिकवावे लागे: वीस एडिटर आणि वीस भाषा असल्या तर चारशे जोडण्या, आणि त्यांतील बहुतेक कोणीच न केलेल्या. मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासह जून २०१६ मध्ये ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ हा संकेत जाहीर केला. त्यानुसार भाषेचे ज्ञान एका वेगळ्या सर्व्हरमध्ये राहते. एडिटर त्यास ठरलेल्या स्वरूपात विचारतो की या ठिकाणी कोणते नाव संभवते, याची व्याख्या कोठे आहे, येथे चूक कोणती. आणि सर्व्हर उत्तर देतो. चारशेच्या जागी आता चाळीसच कामे उरतात, आणि एखादी लहान, निर्धन भाषा घडविणाऱ्या चार माणसांनी एकच सर्व्हर लिहिला तरी त्यांच्या वापरकर्त्यांना मोठ्या भाषांच्या तोडीच्या सोयी मिळू शकतात.

आणि या संकेताचे फळ कोणास मिळाले? व्हीआयच्याच परंपरेतील निओव्हिमच्या २०२१ मधील ०.५ या आवृत्तीत त्याचा ग्राहक अंगभूत झाला. २०२३ मधील ईमॅक्स २९ मध्ये एग्लॉट हा तसाच ग्राहक समाविष्ट झाला. ज्यांनी हा परिसर आयुष्यात एकदाही उघडला नाही, आणि उघडणारही नाहीत, त्यांच्या टर्मिनलमध्ये तो संकेत आज राबतो आहे, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही कंपनीची अनुज्ञा मागावी लागत नाही. याच कारणास्तव प्रोटोकॉलचा मी मनःपूर्वक पुरस्कार करतो आणि पायलान्सच्या बंदिस्तपणाचा तितक्याच स्पष्टपणे निषेध करतो, जरी दोन्ही एकाच कंपनीच्या दप्तरातून बाहेर पडले असले: पहिले सोडून जाणाऱ्याबरोबर जाते, दुसरे त्याला अडवून धरते.

तेव्हा उद्या नवा परिसर समोर येईल, आणि तो येणारच, त्या वेळी आपल्या संस्थांनी, महाविद्यालयांच्या अभ्यासमंडळांनी आणि स्वतः प्रोग्रॅमरांनी तीन प्रश्न विचारावेत. विचार आणि त्याचा दिसणारा परिणाम यांतील अंतर तो कमी करतो काय? तो जे सांगतो ते विश्लेषणाने सिद्ध असते की केवळ संभाव्य, हे तो स्पष्ट करतो काय? आणि आज त्याच्यावर उभारलेले काम उद्या त्याच्याविना चालू ठेवण्याची मुभा तो देतो काय? पहिल्या दोहोंची उत्तरे कमीअधिक असली तर तडजोड करता येते. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल तर कितीही सोयी पुढे केल्या तरी तो परिसर आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही, आणि ते उत्तर होकारार्थी असेल तर केवळ आपली बोटे त्याला सरावलेली नाहीत म्हणून तो नाकारण्याचाही पोहोचत नाही.